सहा कार्बनचे कोडे सोडवणारी कॅथलीन

इंदापूर भागातले डाळिंब फोडले की दाण्यांचा लालभडक रंग बोटांना लागतो. भिगवणजवळ उजनीच्या पाणफुगवट्यावर येणाऱ्या रोहित पक्ष्यांना गुलाबी रंग त्यांच्या खाद्यातून मिळतो. ही दोन रंगद्रव्ये वेगळी असली, तरी त्यांच्या रेणूंत एक साम्य आहे. त्यांतले काही इलेक्ट्रॉन दोनच अणूंमध्ये अडकून न राहता अनेक अणूंवर पसरलेले असतात. असे इलेक्ट्रॉन प्रकाशाचा काही भाग शोषतात आणि उरलेला रंग आपल्याला दिसतो. इलेक्ट्रॉनच्या या सामाईक मालकीचा पुरावा देणाऱ्यांत कॅथलीन लॉन्सडेल यांचे नाव महत्त्वाचे आहे.

कॅथलीन यांचा जन्म २८ जानेवारी १९०३ रोजी आयर्लंडमधील न्यूब्रिज येथे झाला. वडील पोस्टमास्तर. दहा भावंडांत त्या शेंडेफळ. पुढे कुटुंब इंग्लंडला आले. लंडनच्या बेडफर्ड कॉलेजातून पदवी घेतल्यावर नोबेल विजेते विल्यम ब्रॅग यांनी त्यांना आपल्या प्रयोगशाळेत घेतले. स्फटिकांवर क्ष-किरण सोडून आतली अणूंची मांडणी शोधण्याचे तंत्र त्या तिथे शिकल्या.

१९२७ मध्ये लग्न झाले आणि त्या लीड्सला गेल्या. तिथे रसायनशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर इंगोल्ड यांनी त्यांना हेक्झामिथाइलबेंझिनचे स्फटिक दिले. त्यातून एक जुने कोडे सुटणार होते. बेंझिनच्या रेणूत सहा कार्बन वलयात असतात, हे केकुले यांनी १८६५ मध्ये सुचवले होते. त्यांच्या आकृतीत एक बंध एकेरी, पुढचा दुहेरी असा क्रम होता. एकेरी बंधाची लांबी सुमारे १.५४ अँगस्ट्रॉम, तर दुहेरीची १.३४. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. म्हणजे वलयाच्या बाजू लांब-आखूड असायला हव्या होत्या.

कॅथलीन यांनी सगळी आकडेमोड हातानेच केली. १९२८-२९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष स्पष्ट होता : वलय सपाट आहे आणि त्याच्या सहाही बाजू सारख्या आहेत. आज ही लांबी सुमारे १.४० अँगस्ट्रॉम मानतात, म्हणजे एकेरी आणि दुहेरी यांच्या मधली.

याचे स्पष्टीकरण १९३० च्या दशकात लायनस पॉलिंग यांनी संस्पंदन, म्हणजेच रेझोनन्स या कल्पनेने दिले. इथे एक गैरसमज हमखास होतो. नीरा डाव्या कालव्याचे पाणी पाळीने मिळते, तसे दुहेरी बंध आलटून पालटून जागा बदलतात असे वाटते. तसे नाही. सहाही वाफ्यांत कायम एकाच पातळीला पाणी असावे, तसे ते इलेक्ट्रॉन पूर्ण वलयावर पसरलेले असतात. कागदावरच्या दोन आकृत्या ही आपली सोय आहे. रेणू एकच असतो. या पसरण्यामुळेच वलय अधिक स्थिर होते. पॅरासिटामॉलच्या गोळीतही असेच वलय आहे.

मुले लहान असताना घरकामाला मदतनीस ठेवता यावी म्हणून ब्रॅग यांनी पैशांची तजवीज केली आणि कॅथलीन यांचे संशोधन सुरू राहिले. पुढे त्यांनी अशा स्फटिकांचे चुंबकीय गुणधर्म मोजले. काही इलेक्ट्रॉन खरोखर संपूर्ण रेणूभर वावरतात, याला त्यातून बळकटी मिळाली. या विषयावर १९३६ मध्ये त्यांनी भारतीय शास्त्रज्ञ के. एस. कृष्णन यांच्यासह शोधनिबंध लिहिला.

त्या क्वेकर पंथाच्या आणि युद्धविरोधी होत्या. नागरी संरक्षणाच्या कामासाठी नोंदणी करणे त्यांनी तत्त्व म्हणून नाकारले. दोन पौंडांचा दंडही भरला नाही आणि १९४३ मध्ये महिनाभर हॉलोवे तुरुंगात काढला. त्याच वर्षी महात्मा गांधी पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध होते.

दोनच वर्षांनी, १९४५ मध्ये, रॉयल सोसायटीने प्रथमच स्त्रियांना फेलो म्हणून निवडले. त्या दोघींपैकी एक कॅथलीन होत्या. १९४९ मध्ये त्या लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाल्या. उतारवयात त्यांनी तेच क्ष-किरण तंत्र मुतखड्यांची घटकरचना तपासण्यासाठी वापरले. १ एप्रिल १९७१ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. रसायनशास्त्राच्या पुस्तकात षटकोनाच्या आत काढलेले गोल वर्तुळ दिसते. ते याच सामाईक इलेक्ट्रॉनची खूण आहे.