तरंगणाऱ्या सात डोंगरांची गोष्ट

औंढा नागनाथला तुम्ही शाळेच्या सहलीत एकदा तरी गेला असाल. इथला नंदी देवळाच्या मागे का, असं विचारलं की घरातलं मोठं माणूस गोष्ट सांगतं. नामदेव महाराजांना समोरून उठवलं, ते मागच्या बाजूला जाऊन कीर्तनाला उभे राहिले आणि अख्खं देऊळ त्यांच्याकडे फिरलं. नामदेवांचं नरसी आपल्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे हिंगोलीचं प्रत्येक पोर ही गोष्ट ऐकत मोठं होतं. भक्ताने मनापासून हाक मारली की देव वळतो, हे आपल्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलेलं असतं.

आता अशी एक मुलगी डोळ्यांसमोर आणा, जिने अशीच हाक मारली. एकदा नाही, वर्षानुवर्षं. आणि कुठलंच देऊळ फिरलं नाही.

त्या मुलीला तुम्ही ओळखता. स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये एका ओळीत असते ती: पंडिता रमाबाई, शारदा सदन, १८८९. त्या ओळीच्या आधीचं आयुष्य मात्र कुणी विचारत नाही, आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

रमाचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांच्यावर टीका झाली, तर त्यांनी रानात जाऊन घर बांधलं, पण शिकवणं सोडलं नाही. रमा काही महिन्यांची असतानाच कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. वेताच्या टोपलीत घालून तिला नेलं होतं. पुढची कित्येक वर्षं याच चालीत गेली: देवळात बसायचं, पुराण सांगायचं, लोक ठेवतील ते घ्यायचं आणि त्यातलंही दानधर्मात द्यायचं. आई लक्ष्मीबाईंनी चालता चालता पोरीला हजारो श्लोक पाठ करून दिले.

मग दुष्काळ आला. मद्रास इलाख्यातला हा दुष्काळ १८७६-७७ मध्ये शिगेला पोचला, पण त्याची झळ दोन-तीन वर्षं आधीच लागली होती. या कुटुंबाला पुराण सांगण्यापलीकडे काही येत नव्हतं. अंगमेहनतीची सवय नव्हती, भीक मागायची लाज होती. त्यांनी एकच उपाय केला: देवाला साकडं. उपास, जप, प्रदक्षिणा, ब्राह्मणांना दान. दागिने गेले, चांदी गेली, मग तांब्या-पितळेची भांडी गेली. शेवटचे तांदूळ संपल्यावर हे सगळे मरायचं ठरवून रानात गेले. एका तळ्याकाठी वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं आणि एकेका लेकराला जवळ घेऊन निरोप दिला. तेव्हा भाऊ श्रीनिवास म्हणाला, मी मजुरी करतो. म्हणून वडील थांबले. त्यानंतर रानातला पाला, पाणी आणि मूठभर रानखजूर यांवर दिवस काढले.

वडील वाचले नाहीत. मागोमाग आई. भुकेल्या आईसाठी भाकरीचा तुकडा मागायला रमा शेजारच्या दारात गेली, पण तोंडातून शब्दच फुटेना. त्या बाईने ओळखून तुकडा दिला, तोवर आईला तो खायचीही ताकद उरली नव्हती. तिरडीला चार खांदेकरी मिळेनात, चौथी रमा झाली. उंची कमी, म्हणून तिने भार खांद्याऐवजी डोक्यावर घेतला. पुढे बहीणही गेली.

उरले भाऊ-बहीण. दोघं पायी हिंडत पार काश्मीरपर्यंत पोचले. झेलमच्या काठी थंडी असह्य झाली, अंगावर पुरेसे कपडे नाहीत. दोघांनी वाळूत खड्डे खणले, त्यात बसले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली. जिवंत राहण्यासाठी स्वतःला पुरून घेतलं म्हणा ना.

हिमालयातल्याच एका तीर्थावर एक तळं होतं. तळ्यात सात डोंगर तरंगतात आणि पुण्यवान माणसाकडे आपोआप सरकत येतात, अशी ख्याती. पाण्यात उतरायचं नाही, मगरी आहेत, असंही बजावलेलं. श्रीनिवास पहाटे गुपचूप पोहत गेला. जवळून पाहिलं तर लाकडाच्या तराफ्यांवर माती-दगड रचून झाडं लावलेली. यात्रेकरूंनी दक्षिणा दिली की मागून पुजाऱ्यांची माणसं तराफे ढकलत.

ही सगळी आठवण रमाबाईंनी १९०७ मध्ये लिहिली, पन्नाशी जवळ आल्यावर. त्यात विश्वास कसा तुटला याचा युक्तिवाद फार कमी आहे. आहेत त्या वस्तू: पाला, तळं, वाळू, डोंगर.

इंग्रजी साहित्य घेतलेल्यांना इथे एक नाव आठवेल. एली वीझेल हा ज्यू मुलगा १९४४ मध्ये, पंधरा वर्षांचा असताना ऑशविट्झच्या छळछावणीत गेला. देवधर्मात बुडालेला तो मुलगा तिथे देवावर रुसला, रागावला. त्याच्या आठवणींत रात्र आणि आग पुन्हा पुन्हा येतात, आणि परीक्षेत आपण त्यावर प्रतीकांचं उत्तर लिहून दहा मार्क घेतो. दुष्काळ आणि वंशसंहार एक नव्हेत, तुलना मोजूनमापूनच करायला हवी. पण वाचलेल्या माणसाची लिहिण्याची रीत सारखी दिसते. रात्र आधी खरीच रात्र होती, वाळू आधी खरीच वाळू होती. प्रतीक आपण नंतर म्हणतो.

पटत नसेल तर घरी आजीला १९७२ चा दुष्काळ विचारा. ती पावसाचे मिलिमीटर सांगणार नाही. मिलो सांगेल, सुकडी सांगेल, रोजगार हमीवर फोडलेली खडी सांगेल. आणि तेव्हा देवाबद्दल काय वाटलं होतं, हे कदाचित त्या खडीतूनच कळेल.

रमाबाईंचं पुढे काय झालं? १८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीला पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलं. गंमत बघा, ज्या शास्त्रांसाठी हा सन्मान, त्यांवरचा तिचा विश्वास तेव्हा आतून पोखरलेला होता. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावींशी लग्न, १८८१ मध्ये मुलगी मनोरमा, १८८२ मध्ये पती कॉलऱ्याने गेले. चोविसाव्या वर्षी विधवा रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि तिथे ख्रिस्ती झाल्या.

पुण्यात गदारोळ झाला. जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले, टिळकांच्या केसरीने पुढे शारदा सदनावर झोड उठवली. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पण नवा धर्मही त्यांनी निमूट घेतला नव्हता. इंग्लंडमधल्या ज्या सिस्टर्सनी आधार दिला, त्यांच्याशीच त्यांनी सिद्धांतांवरून पत्रांतून वाद घातले. एकदा डोंगर तराफ्यावरचे निघाले की माणूस पुन्हा डोळे मिटून तळ्याकाठी बसत नाही.

त्यांचा धर्म तुम्हाला पटो न पटो, पुढची गोष्ट पाहा. १८९६-९७ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला, या वेळी मध्य प्रांतात. रमाबाई तेव्हा चाळिशीला टेकलेल्या, नाव जगभर झालेलं. त्या उठून तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. केडगावला घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांना वसवलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळात आणखी शेकडो आल्या. तिथे मुलींना अक्षर शिकवलं आणि जोडीला हाताला कामही: विणकाम, शेती, छपाई. पुराण सांगण्यापलीकडे काही येत नसलेल्या घराचं काय झालं, हे त्यांनी पाहिलं होतं ना.

मनोरमा १९२१ मध्ये गेली. आठ-नऊ महिन्यांत, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाईही गेल्या.

नांदेडहून पुण्याला जाताना दौंड सोडलं की पुढे केडगाव लागतं. बहुतेक आपण तेव्हा मोबाईलमध्ये असतो. पुढच्या वेळी खिडकीबाहेर बघा. त्या जागेचं नाव त्यांनी मुक्ती ठेवलं. आईवडील जे मिळावं म्हणून आयुष्यभर देवळादेवळांत चालत राहिले, तोच शब्द. देव बदलला, शास्त्रं मागे राहिली, पण आईने शिकवलेला हा एक शब्द त्यांनी टाकला नाही. फक्त तो मेल्यानंतरसाठी राखून न ठेवता, उपाशी पोरींच्या राहत्या घरावर लिहिला.