डॉ. होमी भाभा आणि तारापूरची वीज

कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात अणुशास्त्रज्ञाचे चरित्र कशासाठी, असे कोणी विचारील. पण डॉ. होमी जहांगीर भाभा हे निम्मे आपल्याच शाखेचे होते. ते चित्रे काढीत, पाश्चात्त्य संगीतात रमत, आणि ट्रॉम्बेच्या बांधकामात आड येणारी झाडे न तोडता मुळासकट उचलून दुसरीकडे लावावीत, असा त्यांचा आग्रह असे.

त्यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सधन पारशी घराण्यात झाला. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. मुलाने केंब्रिजला जाऊन इंजिनिअर व्हावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, ही वडीलधाऱ्यांची इच्छा. मुलाचे मन मात्र भौतिकशास्त्रात. आधी इंजिनिअरिंग उत्तम रीतीने पार पाडायचे, मग आवडीचा विषय, असा तोडगा निघाला. १९३९ साली ते सुट्टीवर मायदेशी आले आणि महायुद्ध पेटले. ते बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांच्याकडे राहिले. १९४१ साली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. पुढे १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था, १९४८ साली अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद, १९५६ साली 'अप्सरा' अणुभट्टी.

त्यांचा विजेचा हिशेब मात्र आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील माणसाला चटकन उमगेल. आपल्या भागात कोळशाची खाण नाही; शेजारच्या पारसच्या वीजकेंद्राला कोळसा रेल्वेनेच आणावा लागतो. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या तर बिहार-बंगालच्या खाणींपासून शेकडो कोस दूर. वाहतुकीचा खर्च शेवटी विजेच्या दरातच चढतो. युरेनियम अगदी थोडे लागते. तेव्हा पश्चिम भारतात अणुवीज कोळशाच्या विजेइतकी परवडेल, असे भाभांनी मांडले.

या हिशेबात एक अट होती. अणुकेंद्र उभारण्याचा खर्च प्रचंड, इंधनाचा थोडा. भट्टी वर्षातील बहुतेक तास चालली तरच वीज स्वस्त. कर्ज काढून घेतलेला ट्रॅक्टर अंगणात उभा राहिला, म्हणून हप्ता थांबत नाही!

भाभांचा उत्साह या अटीच्या पुढे धावला, असे मला वाटते. १९८० पर्यंत आठ हजार मेगावॉटचे स्वप्न त्यांनी पाहिले. प्रत्यक्षात त्या वर्षी तारापूरच्या दोन आणि राजस्थानातील एक अशा तीन भट्ट्या मिळून सातशे मेगावॉटही भरत नव्हत्या. राजस्थानची ती भट्टी तर वारंवार बंद पडे. १९७४ च्या पोखरण स्फोटानंतर तारापूरच्या अमेरिकी इंधनावरही गंडांतर आले. यातले काहीच पाहायला भाभा नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे 'कांचनजंगा' विमान माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले, त्यात ते गेले. तारापूर सुरू झाले १९६९ साली.

तरीही तारापूरने स्वप्न अगदी खोटे ठरू दिले नाही. दोन्ही भट्ट्यांची क्षमता २१० वरून १६० मेगावॉटवर आणावी लागली, पण अनेक वर्षे तेथील वीज देशातील स्वस्त विजेत गणली गेली. २००५-०६ मध्ये तेथेच ५४० मेगावॉटच्या दोन भट्ट्या आल्या. अशी एक भट्टी अचानक थांबली, की ग्रिडमधून एकदम ५४० मेगावॉट कमी होतात. अणुवीज ठरलेल्या दराने विकली जाते. तिची तूट मात्र महागड्या केंद्रांतून, नाही तर २००८ पासून सुरू झालेल्या वीजबाजारातून भरून काढावी लागते. तेथे दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून प्रत्येकाचा वेगळा भाव निघतो. भर दुपारी सौर वीज मुबलक असताना ती तूट फारशी जाणवत नाही. सूर्य मावळल्यावर मात्र तीच वीज महाग पडते. म्हणूनच कोणती भट्टी चालू आहे, कोणती इंधन भरण्यासाठी बंद आहे आणि ती केव्हा परत येणार, याची नोंद रोजच्या रोज ठेवली जाते.