खिडकीचे कोपरे गोल का? ‘कॉमेट’ घडवणाऱ्या डी हॅव्हिलँड यांची गोष्ट

२७ जुलै : जयंती विशेष

बेळगावच्या सांबऱ्याहून विमानात बसा, गोव्याच्या दाबोळीहून बसा, नाहीतर इंदूर, वडोदरा, हैदराबादहून. प्रवासी जेटच्या खिडकीला टोकदार कोपरा काही सापडणार नाही. सगळ्या खिडक्या गोलसर. हे काही शोभेसाठी केलेलं नाही. त्या गोलाईमागे १९५४ सालचे दोन अपघात आहेत, ५६ माणसांचे प्राण आहेत आणि एका माणसाने जन्मभर कमावलेलं नाव आहे. तो माणूस म्हणजे सर जेफ्री डी हॅव्हिलँड.

विमान अपघाताची बातमी आली की घरोघरी एकच प्रश्न निघतो. विमान जुनं होतं का? नवं मॉडेल जास्त सुरक्षित असतं का? डी हॅव्हिलँड यांनी घडवलेलं विमान त्या काळी जगातलं सर्वांत नवं होतं. म्हणूनच त्यांचं आयुष्य या प्रश्नाशी कायमचं जोडलं गेलं.

आजोबांचे हजार पौंड

जेफ्री यांचा जन्म २७ जुलै १८८२ रोजी इंग्लंडमधल्या हाय विकमजवळ झाला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक, घरची परिस्थिती बेताची. शिक्षण इंजिनिअरिंगचं, पहिली नोकरी मोटारींच्या कारखान्यात. पण राइट बंधूंच्या उड्डाणाच्या बातम्या आल्या आणि या तरुणाचं मन मोटारीवरून उडालं ते कायमचं. आईच्या वडिलांकडून त्यांनी १,००० पौंड मिळवले आणि फ्रँक हर्ल या मित्राला जोडीला घेऊन स्वतःच विमान बांधायला घेतलं. पंखांचं कापड पत्नी लुईझा यांनी शिवलं.

डिसेंबर १९०९ मध्ये सेव्हन बॅरोज नावाच्या माळावर ते विमान उतारावरून धावलं, जेमतेम वर उचललं गेलं आणि पंख मोडून खाली आदळलं. जेफ्री किरकोळ खरचटण्यावर बचावले. विमान उडवण्याआधी ते मोडणार नाही ना, हे पाहायला हवं, हा पहिला धडा त्यांना असा मिळाला. दुसरं विमान १९१० मध्ये त्याच माळावरून नीट उडालं. सरकारने ते ४०० पौंडांना विकत घेतलं आणि जेफ्री यांनाही फार्नबरोच्या सरकारी कारखान्यात नोकरी दिली. हे फार्नबरो पुढे पुन्हा त्यांच्या वाट्याला येणार होतं, पण वेगळ्या रूपात.

जुहूला उतरलेलं विमान

१९२० मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. जेफ्री यांना फुलपाखरं आणि पतंग यांच्या अभ्यासाचा नाद होता. दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या पतंगाला इंग्रजीत ‘मॉथ’ म्हणतात. तेच नाव त्यांनी आपल्या छोट्या विमानांना दिलं. जिप्सी मॉथ, टायगर मॉथ, पस मॉथ. जगभरच्या फ्लाइंग क्लबांत हजारो वैमानिक याच विमानांवर शिकून तयार झाले.

आपल्याकडचा धागाही इथेच जुळतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. एअर इंडियाची सुरुवात इथूनच मानली जाते. ते विमान होतं डी हॅव्हिलँड यांचं पस मॉथ.

दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या कंपनीने लाकडी ‘मॉस्किटो’ बनवलं आणि ते त्या काळातल्या सर्वांत वेगवान विमानांपैकी एक ठरलं. १९४४ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. पण घरात दुःखावर दुःख येत होतं. १९४३ मध्ये दोन मॉस्किटोंची हवेत टक्कर झाली, त्यात मुलगा जॉन गेला. थोरला जेफ्री हा कंपनीचा मुख्य चाचणी वैमानिक. सप्टेंबर १९४६ मध्ये अतिवेगाच्या चाचण्यांसाठी बांधलेलं विमान थेम्स नदीच्या मुखावर हवेतच तुटलं, त्यात तोही गेला. दोन्ही मुलं वडिलांच्याच कारखान्यातल्या विमानांत गेली. १९४९ मध्ये लुईझाही गेल्या.

एखाद्याने विमानाचं नाव टाकलं असतं. जेफ्री यांनी काम सोडलं नाही.

जगातलं पहिलं प्रवासी जेट

२७ जुलै १९४९. जेफ्री यांचा ६७ वा वाढदिवस. त्याच दिवशी ‘कॉमेट’ पहिल्यांदा आकाशात गेलं. २ मे १९५२ रोजी लंडन ते जोहान्सबर्ग अशी प्रवाशांची सेवा सुरू झाली. पंख्याची विमानं जिथे ढगांत हेलकावे खात, तिथे कॉमेट ३५ हजार फुटांवरून, जवळजवळ दुप्पट उंचीने, शांतपणे जायचं. अमेरिकेकडे तेव्हा असं काही नव्हतं.

एवढ्या उंचीवर हवा इतकी विरळ, की माणूस श्वास घेऊ शकत नाही. म्हणून केबिनमध्ये हवा भरून दाब राखावा लागतो. सायकलच्या ट्यूबसारखं विमान दर उड्डाणात फुगतं, उतरताना पुन्हा सैल होतं. आणि वजन वाचवण्यासाठी कॉमेटचा पत्रा ठेवला होता एक मिलिमीटरपेक्षाही पातळ.

सेवा सुरू होऊन बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, २ मे १९५३ रोजी, कोलकात्याच्या दमदम विमानतळावरून निघालेलं कॉमेट सहा मिनिटांत वादळात सापडून तुटलं. ४३ जण गेले. दोष वादळाकडे गेला. १० जानेवारी १९५४ रोजी रोमहून लंडनला निघालेलं कॉमेट एल्बा बेटाजवळ समुद्रात पडलं, ३५ जण गेले. विमानं थांबवली, आगीचा संशय धरून साठेक दुरुस्त्या केल्या आणि मार्चअखेर सेवा पुन्हा सुरू झाली. पंधरा-सोळा दिवसांत, ८ एप्रिलला, रोमहून कैरोला जाणारं कॉमेट नेपल्सच्या दक्षिणेला समुद्रात कोसळलं. २१ जण गेले. आता कॉमेटचा उड्डाणाचा परवानाच काढून घेण्यात आला. खरं कारण न कळताच केलेल्या दुरुस्तीची ती किंमत होती.

पाण्याच्या टाकीत सापडलेलं उत्तर

तपास आला फार्नबरोला, जेफ्री यांच्या जुन्या नोकरीच्या गावी. सर आर्नल्ड हॉल यांच्या पथकाने एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत बसवलं. केबिनमध्ये पाणी भरून दाब वाढवायचा, उतरवायचा, पुन्हा वाढवायचा. असं रात्रंदिवस चाललं. आधीची खरी उड्डाणं आणि टाकीतली खोटी मिळून सुमारे तीन हजार फेऱ्या झाल्या आणि केबिनचा पत्रा फाटला. चीर एका कोपऱ्यातून निघाली होती. इकडे ब्रिटिश नौदलाने एल्बाजवळून अवशेष वर काढले. छतावरच्या अँटेनासाठी कापलेल्या झरोक्याच्या कोपऱ्यातही तशीच चीर होती.

कारण होतं धातूचा थकवा. तार एकदा वाकवली तर काही होत नाही. तीच तार पुन्हा पुन्हा वाकवा, तुटते. कॉमेटच्या खिडक्या चौकोनाकडे झुकणाऱ्या, कोपरे थोडेसेच गोल. सगळा ताण त्या कोपऱ्यांशी आणि तिथल्या रिव्हेटच्या भोकांशी गोळा व्हायचा. एल्बाजवळ पडलेल्या विमानाची उड्डाणं झाली होती १,२९०. नेपल्सच्या विमानाची फक्त ९००.

मग कंपनीने चाचणी घेतली नव्हती का? घेतली होती, आणि खरी गोम इथेच आहे. चाचणीचा तुकडा सुमारे १६ हजार फेऱ्या टिकला होता. पण त्याच तुकड्यावर आधी ताकद पाहण्यासाठी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त दाब दिला होता. त्या दाबाने कोपऱ्यांतला धातू किंचित ताणला गेला आणि उलट जास्त टिकाऊ झाला. प्रवाशांच्या विमानांना तो लाभ नव्हता. म्हणजे फसवणूक कोणाची नव्हती, फसवलं होतं ते चाचणीनेच.

१९५४ च्या शेवटी लॉर्ड कोहेन यांच्या न्यायालयात सगळं उघड मांडलं गेलं. डी हॅव्हिलँड कंपनीनेही आपली माहिती हातची राखून ठेवली नाही. तिचा फायदा प्रतिस्पर्ध्यांना होणार हे उघडच होतं, आणि झालाही. जाड पत्र्याचं, गोलाकार खिडक्यांचं ‘कॉमेट ४’ ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिक ओलांडणारं पहिलं प्रवासी जेट ठरलं. पण तीनच आठवड्यांत बोइंग ७०७ आलं आणि बाजार घेऊन गेलं.

जुनं की नवं?

कॉमेटनंतर विमान बांधण्याचा विचारच बदलला. चीर पडणारच नाही, असं धरून चालणं थांबलं. पडली तरी ती पुढे पसरू नये म्हणून पत्र्याच्या आतून पट्ट्या आल्या. अख्ख्या सांगाड्यावर हजारो फेऱ्यांच्या चाचण्या आल्या. विमानाचं वय वर्षांबरोबर उड्डाणांतही मोजलं जाऊ लागलं.

फरक किती पडला? एप्रिल १९८८ मध्ये हवाई बेटांवर १९ वर्षं जुनं, जवळजवळ ९० हजार उड्डाणं झालेलं बोइंग ७३७ हवेत असताना त्याच्या छताचा मोठा भाग उडून गेला. तिथेही कारण धातूचा थकवाच. एक हवाई सेविका गेली. पण विमान उतरलं आणि बाकी सगळे वाचले. कॉमेट एका चिरेने फुटलं होतं, हे विमान छत गमावूनही धावपट्टीवर आलं. त्यानंतर जुन्या विमानांच्या तपासण्या आणखी कडक झाल्या.

दुसरी बाजूही आहे. २०१८ आणि २०१९ मध्ये पाच महिन्यांच्या आत दोन बोइंग ७३७ मॅक्स पडली, ३४६ जण गेले. ती दोन्ही विमानं नवी कोरी होती. दोष पत्र्यात नव्हता, विमानाचं नाक आपोआप खाली दाबणाऱ्या प्रणालीत होता. नवं मॉडेल जुन्या चुका टाळून येतं हे खरं, पण स्वतःच्या नव्या चुका घेऊनही येऊ शकतं. तेव्हा विमान किती सालचं, एवढ्यावर भागत नाही. त्याची तपासणी कशी होते आणि चूक सापडली की ती सगळ्यांना सांगितली जाते का, हेही पाहावं लागतं.

१९६० च्या सुमारास डी हॅव्हिलँड कंपनी दुसऱ्या समूहात विलीन झाली. सर जेफ्री २१ मे १९६५ रोजी वारले. त्यांच्या अस्थी सेव्हन बॅरोजच्या माळावर विमानातून विखुरण्यात आल्या, जिथे त्यांचं पहिलं विमान पंख मोडून पडलं होतं आणि दुसरं उडालं होतं.

त्यांच्या कंपनीचं नाव आज मोठ्या जेटवर दिसत नाही. पण पुढच्या वेळी खिडकीची जागा मिळाली तर तिच्या कडेवरून एकदा बोट फिरवून पाहा. ती गोलाई ५६ जणांच्या जिवावर आली आहे.