खाणीतून मैदानाकडे

(खेळात हार आणि जीत चालायचीच; पण हरलेल्या संघाला पुन्हा उभे करणे सोपे नसते. असे अवघड काम करून दाखवणाऱ्या बिल शँक्ली यांच्या जीवनाची ओळख या पाठात करून दिली आहे.)

शाळेत जो विद्यार्थी नापास होतो, तो त्याच वर्गात राहतो. त्याला खालच्या वर्गात कोणी पाठवत नाही. इंग्लंडमधील फुटबॉलची रीत मात्र वेगळी आहे. तेथे संघांच्या श्रेणी असतात. ज्या काळाची ही गोष्ट आहे, त्या काळात पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीत प्रत्येकी 22 संघ होते. प्रत्येक संघ वर्षभरात 42 सामने खेळत असे. जिंकलेल्या सामन्याचे 2 गुण आणि बरोबरीचा 1 गुण मिळे. वर्षाच्या शेवटी पहिल्या श्रेणीतले तळाचे दोन संघ खाली जात आणि दुसऱ्या श्रेणीतले वरचे दोन संघ त्यांची जागा घेत. तिसऱ्या क्रमांकाच्या संघाला काहीच मिळत नसे. पुन्हा एक वर्ष थांबायचे, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची!

लिव्हरपूल हे इंग्लंडमधील मोठे बंदर. या शहराच्या लिव्हरपूल संघाने 1947 पर्यंत पाच वेळा पहिल्या श्रेणीचे विजेतेपद मिळवले होते. पण 1954 साली हा नामवंत संघ अगदी शेवटच्या क्रमांकावर आला आणि दुसऱ्या श्रेणीत घसरला. पुन्हा वर येण्यासाठी त्याने खूप धडपड केली. कधी तिसरा, कधी चौथा क्रमांक मिळे, पण दार काही उघडत नव्हते. हे दार ज्यांनी उघडले, ते बिल शँक्ली.

बिल यांचा जन्म 2 सप्टेंबर 1913 रोजी स्कॉटलंडमधील ग्लेनबक या खेड्यात झाला. आजूबाजूला कोळशाच्या खाणी होत्या. बहुतेक घरांतले पुरुष खाणीत काम करत. बिलचे वडील शिंपीकाम करत. घरात पाच भाऊ आणि पाच बहिणी अशी दहा भावंडे होती. त्यामुळे पोटाला चिमटा घेऊन दिवस काढावे लागत. पण गावाला फुटबॉलचे भारी वेड होते. बिलच्या दोन मामांनी फुटबॉलमध्ये नाव कमावले होते. पुढे हे पाचही भाऊ व्यावसायिक खेळाडू झाले.

चौदाव्या वर्षी बिलने शाळा सोडली आणि तो खाणीत कामाला लागला. खाली काळोख, धूळ आणि घाम. दिवसभर काम करून हातपाय दुखत, तरी संध्याकाळी तो मैदानावर हजर असे. खाणीत त्याला एक धडा मिळाला. तेथे एकट्याच्या बळावर कोणी काम करू शकत नाही. शेजारचा माणूस आपले काम नीट करतो, म्हणून आपण सुरक्षित असतो. संकट आले तर सगळ्यांनी मिळून धावावे लागते. हा धडा बिल जन्मभर विसरला नाही.

सुमारे दोन वर्षांनी ती खाण बंद पडली आणि बिल बेकार झाला. पण खचून न जाता त्याने खेळावर सारे लक्ष दिले. 1932 साली त्याला इंग्लंडमधील कार्लाइल संघात जागा मिळाली. दुसऱ्याच वर्षी तो प्रेस्टन संघात गेला. हा संघही तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता. 1934 साली प्रेस्टन पहिल्या श्रेणीत चढला. खालून वर येण्याचा आनंद काय असतो, हे बिलने अशा रीतीने विशीतच अनुभवले.

1937 साली प्रेस्टनचा संघ एफ. ए. कप या नावाजलेल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हरला. 1938 साली तो पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला. जादा वेळ संपत आला तरी गोल झाला नव्हता. अगदी शेवटच्या मिनिटाला पेनल्टीवर गोल झाला आणि प्रेस्टन जिंकला. शँक्ली स्कॉटलंडकडूनही खेळू लागले. पण 1939 साली दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि खेळाडू म्हणून त्यांची ऐन उमेदीची वर्षे वाया गेली. युद्धाच्या काळात ते हवाई दलात होते.

1949 साली शँक्ली यांनी खेळणे थांबवले आणि संघाचे व्यवस्थापक म्हणून काम सुरू केले. कार्लाइल, ग्रिम्सबी, वर्किंग्टन आणि हडर्सफील्ड अशा संघांत त्यांनी दहा वर्षे काढली. या संघांकडे पैसा कमी होता. चांगले खेळाडू विकत घेता येत नव्हते. तरी शँक्ली आहे त्या खेळाडूंना घेऊन मेहनत करत राहिले. डिसेंबर 1959 मध्ये लिव्हरपूलने त्यांना बोलावले.

सुरुवात फार वाईट झाली. 19 डिसेंबर 1959 रोजी शँक्ली यांच्या हाताखाली संघाचा पहिला सामना अ‍ॅनफील्ड या घरच्या मैदानावर झाला. कार्डिफ संघाने लिव्हरपूलला 4-0 असे हरवले. पुढच्या सामन्यातही संघ 3-0 असा हरला. सरावाचे मेलवुड मैदानही वाईट स्थितीत होते. जमीन उंचसखल होती आणि गवत माजले होते.

दुसरा कोणी असता तर त्याने जुन्या सगळ्यांना काढून आपली माणसे आणली असती. शँक्ली यांनी तसे केले नाही. बॉब पेस्ली, जो फेगन आणि रूबेन बेनेट हे प्रशिक्षक आधीपासून तेथे काम करत होते. शँक्ली यांनी त्यांना कामावर कायम ठेवले आणि त्यांच्यावर पूर्ण विश्वास टाकला. खेळाडूंचे बूट ठेवण्याच्या लहानशा खोलीत हे प्रशिक्षक बसत आणि खेळाविषयी चर्चा करत. पुढे ही बुटांची खोली साऱ्या इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली.

मेलवुडचे मैदान साफ करून सपाट करण्यात आले. सरावाची पद्धतही बदलली. नुसते लांबवर धावण्याऐवजी चेंडू घेऊन सराव होऊ लागला. लहान मैदानावर पाच-पाच जणांचे सामने होऊ लागले. चेंडू घ्यायचा, चटकन जवळच्या साथीदाराला द्यायचा आणि लगेच मोकळ्या जागी जायचे, एवढा साधा नियम होता. खेळाडू अ‍ॅनफील्डवर कपडे बदलून बसने मेलवुडला जात. सराव झाला की बसनेच परत येत आणि मग अंघोळ करत. या अवधीत तापलेले शरीर हळूहळू थंड होई. त्यामुळे दुखापती कमी झाल्या, असे शँक्ली यांचे मत होते.

शँक्ली यांनी सर्वांना नीट पारखले. जे खेळाडू उपयोगी पडणार नव्हते, त्यांना त्यांनी हळूहळू निरोप दिला. पण नवे खेळाडू घेण्यासाठी पैसे हवे होते आणि संचालक हात आखडता घेत. 1960 साली संघ तिसरा आला. 1961 सालीही तिसराच आला! प्रेक्षक निराश झाले. मैदानावरची गर्दी कमी झाली. काम सोडून जावे, असे विचार शँक्ली यांच्याही मनात येऊन गेले. हीच खरी परीक्षेची वेळ होती. पण ते थांबले. अखेर एरिक सॉयर या संचालकांनी त्यांची बाजू घेतली आणि 1961 साली दोन मोठे खेळाडू संघात आले. गोल करण्यासाठी इयान सेंट जॉन आणि गोल अडवण्यासाठी उंच, धिप्पाड रॉन येट्स. दोघेही स्कॉटलंडचे. सेंट जॉनसाठी 37,500 पौंड मोजावे लागले. त्या काळी ही फार मोठी रक्कम होती.

1961-62 च्या हंगामात या संघाचे रूपच पालटले. मागे येट्स भिंतीसारखा उभा राही. पुढे सेंट जॉन आणि रॉजर हंट यांची जोडी जमली. हंटने त्या हंगामात श्रेणीच्या सामन्यांत 41 गोल केले. घरच्या मैदानावरील 21 सामन्यांपैकी 18 सामने लिव्हरपूलने जिंकले आणि 3 बरोबरीत सोडवले. घरी एकदाही हार झाली नाही.

21 एप्रिल 1962 रोजी अ‍ॅनफील्डवर साउदम्प्टन संघाशी सामना होता. तो जिंकला की पहिल्या श्रेणीतली जागा पक्की होणार होती. पण सेंट जॉनवर बंदी असल्याने तो खेळू शकत नव्हता. आता कसे होणार, अशी चिंता प्रेक्षकांना वाटणे साहजिक होते. त्याच्या जागी केव्हिन लुइस याला संधी मिळाली. एरवी बाहेर बसणाऱ्या या खेळाडूने त्या दिवशी संघाचे दोन्ही गोल केले. लिव्हरपूल 2-0 असा जिंकला. आठ वर्षांची प्रतीक्षा संपली आणि मैदानात जल्लोष उसळला. संघ एका खेळाडूवर अवलंबून नसतो, ही शँक्ली यांची शिकवण त्या दिवशी खरी ठरली.

हंगामाच्या शेवटी लिव्हरपूलने 42 सामन्यांपैकी 27 जिंकले, 8 बरोबरीत सोडवले आणि 7 गमावले. 62 गुण मिळवून संघ पहिला आला. दुसऱ्या क्रमांकावरील लेटन ओरिएंट संघाचे 54 गुण होते.

त्यानंतर यशाची रांगच लागली. 1964, 1966 आणि 1973 साली लिव्हरपूल पहिल्या श्रेणीचा विजेता झाला. 1965 साली त्याने एफ. ए. कप प्रथमच जिंकला. 1973 साली युरोपातील युएफा कपही मिळवला. एवढे नाव झाले, तरी शँक्ली आपल्या साध्या घरातच राहिले. चाहत्यांच्या पत्रांना ते स्वतः टंकलेखन यंत्रावर उत्तरे लिहीत. गोदीतल्या मजुरांनी पोट मारून तिकिटे काढलेली असतात, याची त्यांना सतत जाणीव होती.

1974 साली संघाने पुन्हा एफ. ए. कप जिंकला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये शँक्ली यांनी अचानक काम सोडले. सर्वांना धक्का बसला. घरी त्यांचे मन रमेना. ते सवयीने मेलवुडला जात राहिले. तेथे आता पेस्ली व्यवस्थापक होते. दोन प्रमुख एकाच ठिकाणी कसे चालणार? आपले येणे तेथे अडचणीचे होत आहे, हे कळल्यावर शँक्ली यांना फार वाईट वाटले. त्यांनी तेथे जाणे बंद केले. ज्या रोपट्याला पाणी घातले, त्याच्या सावलीत बसण्याचे सुख त्यांना पुरते लाभले नाही. पण रोपटे वाढतच गेले. पेस्ली यांच्या हाताखाली लिव्हरपूलने 1977, 1978 आणि 1981 साली युरोपचे विजेतेपद मिळवले.

29 सप्टेंबर 1981 रोजी हृदयविकाराने शँक्ली यांचे निधन झाले. अ‍ॅनफीलडच्या एका प्रवेशद्वाराला त्यांचे नाव देण्यात आले. 1997 साली तेथे त्यांचा पुतळा उभारला गेला. त्यांचे ग्लेनबक गाव मात्र खाणी बंद पडल्यावर ओसाड झाले. गाव उरले नाही, पण त्या गावातल्या खाणीत मिळालेला धडा उरला. सर्वांनी एकमेकांसाठी मेहनत करावी आणि फळ सर्वांनी वाटून घ्यावे, हाच तो धडा.

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बिल शँक्ली यांचा जन्म कोठे झाला?
(आ) 1961-62 च्या हंगामात रॉजर हंटने किती गोल केले?

2. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) खाणीत काम करताना बिलला कोणता धडा मिळाला?
(आ) साउदम्प्टनविरुद्धच्या सामन्यात लिव्हरपूलपुढे कोणती अडचण होती? ती कशी दूर झाली?

3. वाक्यात उपयोग करा : पोटाला चिमटा घेणे, हात आखडता घेणे, खचून जाणे.

4. तुमच्या शाळेचा संघ सलग दोन वर्षे हरला, तर तिसऱ्या वर्षी तुम्ही काय कराल? आठ-दहा ओळी लिहा.