काहाल आणि माशीचा डोळा

दहावीनंतर माझा सायन्सशी संबंध सुटला. म्हणून प्राणिशास्त्राच्या मैत्रिणीच्या पुस्तकात शाईनं काढलेली नाजूक फांदोरी दिसली, तेव्हा मला ती एखादी वेलच वाटली. त्या निघाल्या माशीच्या डोळ्यामागच्या चेतापेशी. चित्र काढणारे होते सांतियागो रामोन इ काहाल.

स्पेनमध्ये १८५२ साली जन्मलेल्या काहालना चित्रकार व्हायचं होतं. वडील शल्यवैद्य, त्यांना ही चित्रं म्हणजे वेळ फुकट घालवणं वाटे. उनाड मुलाला त्यांनी न्हाव्याकडे आणि चांभाराकडे कामाला ठेवलं. पुढे दफनभूमीतली हाडं दाखवून शरीररचना शिकवली. हाडं रेखाटता रेखाटता मुलगा वैद्यकाकडे वळला आणि चित्रकलाही टिकली.

१८८७ साली माद्रिदमध्ये त्यांनी गोल्जींच्या पद्धतीनं रंगवलेले मेंदूचे काप पाहिले. या पद्धतीत मोजक्याच पेशी काळ्या होतात, म्हणून एकेक पेशी पूर्ण दिसते. गोल्जींच्या मते सगळे तंतू मिळून एकच सलग जाळं होतं. पुढच्याच वर्षी काहालनी दाखवलं, की प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र असते. १९०६ साली नोबेल दोघांना विभागून मिळालं. तरी गोल्जींनी आपल्या भाषणात काहालच्या मताला विरोधच केला.

१९१५ साली दोमिंगो सांचेझ यांच्याबरोबर काहालनी कीटकांच्या दृष्टिकेंद्रांवर मोठा अभ्यास छापला. एवढ्याशा जिवात इतकी बारीक, नेटकी रचना बघून ते थक्क झाले होते.

चेतापेशींभोवती मात्र ग्लिया पेशीही असतात. काहालच्या प्रयोगशाळेतल्या रिओ-ओर्तेगांनी त्यांचे नवे प्रकार ओळखले. त्यातला एक काहालना लवकर पटला नाही. इतरही कुरबुरी वाढल्या आणि १९२० साली रिओ-ओर्तेगांना प्रयोगशाळा सोडावी लागली. ज्यांचं म्हणणं गोल्जींनी मानलं नाही, तेच आता दुसऱ्याचं मानत नव्हते!

आज कळलंय, की माशीच्या डोळ्यातली चेतापेशी संदेश देताना हिस्टमिन सोडते. शेजारची ग्लिया ते लगेच उचलते आणि रूप बदलून परत पाठवते. तिनं हे केलं नाही, तर माशीची नजर बिघडते. म्हणजे चेतापेशी स्वतंत्र खरी, पण एकटी नाही.

काहाल १९३४ साली गेले. मला ते या चुकीसकट आवडतात. आपलं म्हणणं खरं ठरल्यावर शेजारच्याचं ऐकणं अवघड जातं, हे मला त्यांच्याकडून कळलं. मैत्रिणीचं पुस्तक मी अजून परत केलेलं नाही.