देवळालीचे कापरेकर मास्तर

बालमित्रांनो, गेल्या शनिवारी वर्गात लांबलचक आकडे मराठीत वाचताना आपली बोबडी वळली. आईबाबांचीही! म्हणून यावेळी, मोठ्या आकड्यांशी जन्मभर खेळलेल्या एका मास्तरांची ओळख करून देत आहोत.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. ते आठ वर्षांचे असताना आई वारली. कारकून असलेल्या वडिलांना ज्योतिषाचा नाद होता. त्यांच्यामुळे मुलाला आकडेमोडीची गोडी लागली. ठाण्यात शाळा, पुण्यात फर्ग्युसन कॉलेज असे शिक्षण झाले. १९२७ साली रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले, १९२९ साली बी.एस्सी. झाले. पुढची पदवी मात्र घेतली नाही. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे त्यांनी नाशिकजवळ देवळालीत शाळेत शिकवले.

त्यांच्या आवडत्या संख्यांना त्यांनी डोंबिवली स्थानकावरून ‘डेमलो’ हे नाव ठेवले. त्यातली एक पाहा. नऊ वेळा एक लिहा आणि त्या संख्येला तिनेच गुणा. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक, परार्धाला एकच अंक कमी! उलटे वाचले तरी तेच. असे का? गुणाकार कागदावर मांडा. नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळीत नऊ एक, फक्त ओळ एकेक घर सरकलेली. कडेच्या घरात एकच एक, मधल्या घरात नऊ. बेरीज नऊच्या पुढे जात नाही, म्हणून हातचा नाही. दहा एक घेतले, की हातचा येतो आणि नक्षी मोडते.

असल्या शोधांना भारतातले अनेक गणिती पोरखेळ समजत. मास्तरांनी आपल्या पुस्तिका स्वतःच छापल्या. १९४६ साली त्यांना ६१७४ ही संख्या सापडली. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ती मांडली. पण १९७५ साली अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी लिहिल्यावरच जगाचे लक्ष गेले. तोवर मास्तर निवृत्त झाले होते. पेन्शन पुरत नसल्याने शिकवण्या घेत होते. १९८६ साली ते वारले. आज ६१७४ ला जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात.

ही संख्या आपल्या गेर्लिंगेनमध्येही सापडते! इथला टेलिफोन कोड ०७१५६. पहिले शून्य सोडून ७१५६ घेऊ. अंकांची मोठ्यात मोठी संख्या ७६५१, लहानात लहान १५६७. वजाबाकी ६०८४. पुन्हा तसेच करा (शून्यही धरायचे): ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४! पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च. चारही अंक सारखे नसले, तर कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथे पोचते.

आता गृहपाठ. मास्तरांचे जन्मसाल १९०५ आणि तुमचे स्वतःचे जन्मसाल घ्या, पायऱ्या मोजा. आईबाबांनी मदत करायची नाही. त्यांनी आपापले साल घ्यावे. उत्तरे पुढच्या शनिवारी, मराठीत वाचून दाखवायची!