धीराचा शब्द देणाऱ्या लक्ष्मीबाई

स्मरणिकेसाठी मीही चार ओळी लिहाव्यात असा मंडळातील बायकांनी आग्रह धरला. मी सातवी शिकलेली, चूल सांभाळणारी बाई. पण मनात एक सल आहे, म्हणून लिहिते.

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या एका बाईंचा कर्ता मुलगा गेला. मी भेटायला निघाले आणि त्यांच्या फाटकापासून परत आले. आम्ही ख्रिस्ती. प्रभूचे नाव घ्यावे तर त्यांना वाटेल, अशा वेळीही ही धर्म सांगायला आली. न घ्यावे तर माझ्याजवळ दुसरा धीर कोणता? पुढे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा हाती घेतली, तेव्हा माझी चूक मला कळली.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची ही मुलगी. वडिलांचे सोवळे फार कडक. अकराव्या वर्षी कवी नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. शाळा ठाऊक नाही. लिहिणेवाचणे शिकल्या ते पतीजवळ. संसार कधी नाशिकला, कधी नागपूरला, कधी राजनांदगावला. नागपूर-नाशिकची आगगाडी आपल्या बडनेरा-अकोल्यावरून जाते. या वाटेने त्यांची जा-ये झालीच असेल. पोटची लहान मुले गेल्याचे दुःखही या माउलीने सोसले.

१८९५ साली टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पदरी लहानगा दत्तू. काही वर्षे नवरा एकीकडे, बायको एकीकडे. नंतर त्या अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) त्यांच्याजवळ राहावयास गेल्या, पण आपले सोवळे सोडले नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांचा त्यांनाच पडला आणि मनातला विटाळ गेला. १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या. दुसऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःला पटले म्हणून.

पुढे दुष्काळात अनाथ झालेल्या मुलींना त्यांनी आईसारखे सांभाळले. नगरला प्लेग आला तेव्हाही त्या मुलींची पाठ सोडली नाही. १९१९ साली टिळक वारले. तरी बाई खचल्या नाहीत. कीर्तने केली, टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे ६४ अध्याय लिहून पुरे केले. १९३३ साली नागपूरच्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा झाल्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे देहावसान झाले.

भगिनींनो, या बाईंचे बोलणे लोकांच्या मनाला का भिडले? मला वाटते, त्यांनी आधी हात दिला, मग शब्द दिला. आपले रडणे, रुसणे, भांडणे काही लपवले नाही. विश्वास मिरवला नाही, आणि लाजून झाकूनही ठेवला नाही.

एवढे समजल्यावर मी त्या शेजारणीकडे गेले. उशीर झाला होता, तरी गेले. त्या तूर निवडत होत्या. मीही सुपाशी बसले. त्या मुलाविषयी बोलत राहिल्या, मी ऐकत राहिले. उठताना विचारले, तुमच्यासाठी मी प्रभूजवळ प्रार्थना केली तर चालेल का? त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

फाटकापासून परत फिरू नका, एवढेच माझे सांगणे.